तेहतीस अनारसे आणि जावईबापूंचा पट्टा

अधिक महिना तीन वर्षांनी एकदा येतो आणि तो जावयाचा असतो. आमच्याकडे जावयाला तेहतीस अनारशांचं वाण देतात. तेहतीसच का, ते भटजींना विचारा. मी तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं, पंचांग नाही वाचलं. यंदा ज्येष्ठ अधिक आला. दर खेपेला वाण पार्सलने जातं, या खेपेला स्वतः नेऊन द्यायचं असं मी ठरवलं. तांदूळ तीन दिवस भिजवले, सावलीत सुकवले, कुटले, गूळ घालून पीठ मुरवलं आणि एका दुपारी पन्नास अनारसे तळले. त्यातले पाच तुपात हसले, म्हणजे विरघळून पसरले. ते यांनी खाल्ले. हे म्हणजे माझे यजमान, निवृत्त इतिहास शिक्षक. अंगाने काडी, आणि काहीही खाल्लं तरी काडीच.

उरलेले अनारसे मोठ्या स्टीलच्या डब्यात, वर खसखशीची पुरचुंडी, डबा माझ्या मांडीवर, असे आम्ही सिन्नरहून नाशिकरोडला आणि तिथून दिल्लीला निघालो. लेक मंजिरी आणि जावई समीरराव गुडगावात राहतात. समीरराव मूळ पुण्याचे, मानेसरच्या एका मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात मोठे साहेब आहेत. दिल्ली मी पूर्वी पाहिली होती. गुडगाव नव्हतं पाहिलं.

सातवा मजला

निजामुद्दीनला उतरलो तेव्हा सकाळचे आठ वाजले होते आणि ऊन आमच्याकडच्या दुपारी दोनचं. समीरराव गाडी घेऊन आले होते. वाकून नमस्कार करायला लागले आणि मधेच थांबले, गुडघ्याला हात टेकून श्वास घेतला, मग पूर्ण वाकले. मला वाटलं, उन्हामुळे.

गुडगावचा हायवे उकरून ठेवला होता. दोन्ही बाजूंना काचेच्या इमारती, त्यांच्या पायाशी पत्र्याच्या झोपड्या, आणि या दोहोंच्या मध्ये एक म्हैस शांत रवंथ करत बसलेली. एवढं मोठं शहर, पण चालणारा माणूस दिसेना. फुटपाथच नव्हता. "इथे लोक चालत कुठे जातात?" मी विचारलं. "चालत कुठेच जात नाहीत, आई," समीरराव हसून म्हणाले. "दूध आणायलासुद्धा गाडी काढतात."

सोसायटीत पोचलो आणि वीज गेली. जनरेटर सुरू होईना, लिफ्ट अडकली. घर सातव्या मजल्यावर. हे सरळ चढत गेले. मी डबा घेऊन तिसऱ्या मजल्यावर बसले आणि माझ्या शेजारी समीरराव बसले. आमची आठ वर्षांची नात ईशा वरून खाली धावत आली आणि आम्हा दोघांकडे बघून ओरडली, "मम्मा, आजी और पापा दोनों फिनिश!"

पाच अनारसे

दुपारी मी स्वतः वाढलं. जावई पाटावर नव्हते, डायनिंग टेबलावर होते, पण आग्रह तो आग्रह. तूप लावून दोन अनारसे वाढले. खाल्ले. आणखी एक वाढला. "आई, बस," ते म्हणाले, पण पान काही झाकलं नाही. मग मी कसली थांबते? पाच झाले. मंजिरी समोर बसून पाण्याचा पेला नुसता फिरवत होती. मला तिचा राग आला. मनात म्हटलं, आईने एवढं हौसेने केलं आणि हिच्या तोंडातून शब्द नाही.

दुसऱ्या दिवशी समीरराव कामावर गेल्यावर मंजिरीने कपाटातून एक कागद काढून माझ्यासमोर ठेवला आणि ओट्याकडे तोंड करून उभी राहिली. कारखान्यातल्या सगळ्या साहेबांची तपासणी झाली होती. पोटाचा घेर, रक्तदाब, साखर, रक्तातली चरबी, चारही आकड्यांपुढे लाल खूण. वजन सत्त्याण्णव किलो. वय एकोणचाळीस.

"डॉक्टरांनी तीन महिने दिलेत," ती म्हणाली. "खाणं आणि चालणं सुधारून बघा, नाहीतर गोळ्या. त्यातला एक महिना गेला, आणि वजन अर्धा किलो वाढलंय." मग ती वळली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "आई, त्यांचे बाबा पन्नाशीच्या आत गेले. सकाळी दाढी करता करता."

मला ते ठाऊक होतं. लग्न ठरवताना आम्ही त्यावर एक वाक्य बोललो होतो आणि पुढे गेलो होतो.

"मग मला फोनवर का नाही सांगितलंस?"

"सांगणारच होते. तर तू म्हणालीस, पीठ मुरलंय."

संध्याकाळी समीररावांना विचारलं, "अहो, तुम्ही तरी नको म्हणायचं." ते खाली बघून म्हणाले, "सासूबाईंना नको म्हणणं आमच्या घरात कुणाला जमलेलं नाही." भीड भिकेची बहीण म्हणतात ती अशी. माणूस जिवावर उदार होईल, पण सासूच्या हातचा पाचवा अनारसा परत करणार नाही. त्या दिवशी मला त्यांची दया आली आणि माझी लाज वाटली. दोन्ही फार वेळ टिकलं नाही, कारण मी लगेच कामाला लागले.

फीत

पुढच्या शनिवारी समीररावांच्या डॉक्टरीणबाईंकडे मीही गेले, बरोबर हेही आले. खरं सांगायचं तर भांडायलाच गेले होते. घरच्या तुपाला कोणी नावं ठेवली तर ऐकून घ्यायचं नाही असं ठरवून गेले होते. बाई पन्नाशीच्या, पंजाबी, सुती साडीतल्या. त्यांनी तुपाचं नावच काढलं नाही.

"माताजी," त्या म्हणाल्या, "ये चारों चीज़ें एक ही टोली की हैं। पेट बढ़ता है तो बाकी तीन पीछे-पीछे आती हैं। पेट उतरेगा तो तीनों उतरेंगी। सौ किलो में से सात-आठ भी कम हुए तो बहुत है। पहली दवा यही है, रोज़ का चलना और थाली। गोली बाद में।"

"और गोली लगी तो?" समीररावांनी विचारलं. आवाज अगदी बारीक.

"तो लेंगे। उसमें शर्म कैसी? लेकिन चलना तब भी नहीं छूटेगा।"

मला बाई आवडल्या. मी त्यांना सांगितलं की मी तीस वर्षं शाळेत चालत जात होते, येऊन-जाऊन पाऊण तास, म्हणून मला काही झालं नाही. "और अब?" त्यांनी विचारलं. आता निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती. त्या उठल्या, समीररावांच्या पोटाला लावलेली फीत हातातच होती, ती माझ्याभोवती फिरवली. समीररावांचा घेर एकशे आठ सेंटीमीटर. पुरुषाचा नव्वदच्या आत हवा. माझा अठ्ठ्याण्णव. बाईचा ऐंशीच्या आत हवा.

दिव्याखाली अंधार! परतीच्या वाटेत गाडीत हे खिडकीतून बाहेर बघत हसत होते, हे मला आरशात दिसत होतं.

वाण

दुसऱ्याच दिवशी, रविवारी सकाळी समीररावांना बसवलं, निरांजन ओवाळलं आणि तेहतीस अनारसे मोजून ताटात मांडून पुढे ठेवले. मग म्हटलं, "वाण तुमचं आहे, पण हे अनारसे तुम्ही खायचे नाहीत. कुणाला द्यायचे ते नंतर बघू. अनारशांऐवजी मी तुम्हाला तेहतीस सकाळी देते. रोज साडेपाचला तयार होऊन तुमच्या दाराशी उभी राहीन. तुम्ही चालाल, मी चालेन. नको म्हणायचं असेल तर आत्ता म्हणा."

त्यांनी ताटाकडे बघितलं, मंजिरीकडे बघितलं. "आई, तुम्हाला नको कसं म्हणणार?"

मला नेमकं एवढंच हवं होतं. ज्या भिडेने त्यांना पाच अनारसे खायला लावले होते, तिच्याच जोरावर मी त्यांना चालायला लावणार होते.

हे म्हणाले, "परतीचं तिकीट पंधरा दिवसांचं आहे. त्यात तेहतीस सकाळी कशा बसवतेस?" तिकीट रद्द केलं. यांच्या जास्वंदीला पाणी घालायला सिन्नरात शेजाऱ्यांना सांगितलं.

ताटाचंही मी मनावर घेतलं. आपल्या ताटात डावी बाजू बोटभर आणि उजवी बाजू हातभर असते. मी ती उलटी केली. डावीकडे काकडीची, गाजराची, मुळ्याची कोशिंबीर वाटीभर, उजवीकडे भाजी आणि वरण भरपूर, पोळ्या दोनच, भात एकदाच आणि तोही दुपारी. चहातली साखर निम्मी, मग बंद. तळण रविवारी, तेही एकच. यात अवघड काही नव्हतं. अवघड होतं ते आग्रह न करता वाढणं. हात आपोआप पुढे जायचा. शेवटी मंजिरीने वाढायला घेतलं आणि मला टेबलाच्या दुसऱ्या टोकाला बसवलं.

गाडीने चालायला

पहिल्या दिवशी साडेपाचला मी दाराशी उभी. समीरराव तयार, हातात गाडीची किल्ली. "किल्ली कशाला?" "आई, पार्क दीड किलोमीटरवर आहे." म्हणजे चालायला गाडीने जायचं! मी हसले, पण पार्कापाशी गेलो तर खरोखरच वीसेक गाड्या उभ्या. लोक गाडीतून उतरत, दोन चकरा मारत, मग बाहेरच्या ठेल्यावर आलू पराठा, वर पांढऱ्या लोण्याचा गोळा. एका काकूंनी मलाही आग्रह केला, "खा लीजिए जी, वॉक तो कर ली न!" आग्रह फक्त आपल्याकडे असतो असं समजत असाल तर दिल्लीकडे या. मी नाही म्हटलं. त्यांनी दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी समीररावांचा दंड धरून तिथून निघाले.

दुसऱ्या दिवसापासून किल्ली माझ्या पदराला. फुटपाथ नाही तर नाही, कडेने चाललो. मे महिना सरत आलेला, पण साडेपाचला हवा बरी असते, उजाडलेलं असतं. बांधकामावरच्या बायका चुली पेटवत असायच्या, कुत्री अंगावर यायची. एकदा मी नव्या नाल्याच्या खड्ड्यात एक पाय घातला आणि चपलेसकट चिखल घेऊन घरी आले. बूट त्यानंतर घेतले. आयुष्यातले पहिले बूट, नऊवारीतल्या माझ्या आईने बघितले असते तर हात जोडले असते.

हिंदूराव

यांचा एकच हट्ट होता, दिल्लीतली हिंदूरावची टेकडी बघायची. ग्वाल्हेरकडून आलेल्या कुणा हिंदूरावांचं नाव त्या भागाला पडलं आणि राहिलं. आता तिथे मोठं सरकारी इस्पितळ आहे. "मराठी माणूस दिल्लीत आला आणि टेकडीला नाव देऊन गेला," हे दर दहा पावलांनी सांगत होते. एका रविवारी आम्ही सगळे भल्या पहाटे तिकडे गेलो. झाडी, माकडं, जुने बुरूज. हे पुढे पुढे गोष्टी सांगत चालले आणि समीरराव प्रश्न विचारत त्यांच्या मागे. खाली आलो तेव्हा सव्वादोन तास झाले होते आणि जावईबापूंना कळलंसुद्धा नव्हतं. त्या दिवशी मला खात्री पटली की या माणसाला चालायचा कंटाळा नाही, एकट्याने चालायचा कंटाळा आहे.

पण त्याच दिवशी माझीही फजिती झाली. खाली बाजारात छोले-भटुरे तळत होते. वास असा, की काय सांगू! समीररावांनी नुसते छोले घेतले, कांदा आणि दही. मी एक भटुरा घेतला. मग दुसरा. अर्ध्यावर आले तेव्हा सगळे माझ्याकडे बघत होते. ईशा म्हणाली, "आजी, आपका वाण तो टूट गया।" समीरराव पहिल्यांदाच मोकळेपणी हसले. "सकाळ उद्याही आहे, आई," ते म्हणाले. मी दुसरा अर्धा भटुरा ताटात ठेवला. मला वाईट वाटलं, पण त्यांना हसताना बघून बरंही वाटलं.

साहेब बसमध्ये

खरी अडचण वेगळीच होती. समीरराव साडेनऊला जात आणि रात्री दहाला जेवत. येता-जाता दोन-दोन तास खणलेल्या हायवेवर गाडीत. मी मंजिरीला विचारलं, "कामगार कसे जातात?" कंपनीची बस. पहिल्या पाळीची बस सहाला चौकातून सुटते, चारला कारखान्यातून परत निघते. चौक आमच्या घरापासून पंचवीस मिनिटांच्या चालीवर.

"मग तुम्ही बसने जा," मी म्हटलं. "सातला कामाला लागा, चारला सुटा, साडेसातला जेवा."

समीररावांचा चेहरा बघण्यासारखा झाला. "आई, ऑफिसर बसने जात नाहीत."

"नियम आहे?"

"नियम नाही. पण जात नाहीत."

"म्हणजे तुमच्या वडिलांना जे झालं ते चालेल, पण बसमध्ये कुणी बघितलेलं चालणार नाही?"

हे मी बोलायला नको होतं. मंजिरी आत निघून गेली. समीररावांनी उठून फोन लावला आणि वरिष्ठांकडून पहिल्या पाळीला यायची परवानगी घेऊन टाकली. मोठमोठे कारखाने आले, काचेच्या इमारती आल्या, पगार वाढले, पण साहेब बसमध्ये बसत नाही ही रीत मात्र जुनीच राहिली. मला ती मोडायची होती. अनारशांचा डबा त्यांच्या हातात दिला आणि दुसऱ्या दिवशी साडेपाचला आम्ही चौकाकडे निघालो.

बस आली. साहेबांना बघून आतली बोलणी बंद झाली. पुढची सीट एकदम रिकामी झाली. समीरराव दारात डबा घेऊन उभे, कान लाल. मीच खालून ओरडले, "अरे, प्रसाद है, ले लो!" पहिला अनारसा एका पिकल्या मिशांच्या कामगाराने उचलला, उलटसुलट करून बघितला आणि मोठ्याने म्हणाला, "साहब, ये तो हमारा अनरसा है! गया वाला!"

"गया का कैसे? हमारे सिन्नर का है," मी म्हटलं.

"अरे माताजी, हमारे यहाँ तो इसके बिना ब्याह नहीं होता!"

मग काय, डबा हातोहात मागे गेला. त्या माणसाचं नाव रामप्रवेश. समीरराव त्याच्या शेजारी बसले. संध्याकाळी घरी आल्यावर म्हणाले, "आई, तो सात वर्षं माझ्याच विभागात मशीनवर आहे. मला त्याचं नाव माहीत नव्हतं." रिकामा डबा मंजिरीने घासून ठेवला. परतताना उन्हात चौकातून शेअर ऑटोने यायचं, सकाळी मात्र पायीच, असं ठरलं.

पुढच्या आठवड्यात समीररावांनी एकदा अंगात कणकण आहे म्हणून पांघरूण ओढून घेतलं. कणकण नव्हती, मला कळत होतं. मी काही बोलणार तोच त्यांचा मोबाइल वाजला. पलीकडे रामप्रवेश. "साहब, निकले कि नहीं? सीट रखी है।" समीरराव बूट शोधायला लागले. तेव्हाच मी ओळखलं की आता मी परत गेले तरी चालेल.

तेहतिसाव्या सकाळी आम्ही दोघं चौकात पोचलो तेव्हा त्यांनी मला पट्टा दाखवला. आम्ही आलो तेव्हा तो शेवटच्या भोकावर होता, तेही त्यांनी घरीच पाडलेलं. आता आतलं तिसरं लागत होतं. मी भर चौकात त्यांच्या पाठीवर थाप मारली. जावयाच्या पाठीवर थाप मारायची रीत नाही, पण मारली.

सिन्नर

तीन महिने पुरे झाले त्या दिवशी मी देवापाशी बसून होते. फोन समीररावांनीच केला. वजन साडेनव्वद. रक्तदाब आणि साखर उतरलेली, चरबी अजून थोडी वर. "डॉक्टर म्हणाल्या, गोळी आत्ता नको, चालणं सुरू ठेवा." मागे मंजिरी रडत होती की हसत होती ते कळलं नाही. मी मात्र रडले, आणि ते कळू नये म्हणून त्यांनाच दटावलं, "आता सुटलो असं समजू नका."

"नाही समजत," ते म्हणाले. "आई, तुमचा घेर किती झाला?"

मी म्हटलं, "मांजर आलंय वाटतं ओट्यावर," आणि फोन ठेवला. परत आल्यापासून पहिले आठ दिवस मी नेमाने गोंदेश्वराच्या देवळापर्यंत जात होते. मग पाहुणे आले, मग गुडघा दुखला, मग तो राहिला तरी दुखतोय असं मी म्हणत राहिले. बूट पलंगाखाली.

दुसऱ्या दिवशी साडेपाचला फोन वाजला. चादरीतूनच घेतला.

"आई, मी चौकाच्या वाटेवर आहे. तुम्ही निघालात का?"

बाहेर भुरभुर होती. "आज नको हो" असं अगदी ओठांवर आलं होतं. पण आमच्याकडेसुद्धा जावयाला नको म्हणत नाहीत.

"निघालेच," मी म्हटलं, आणि पलंगाखाली हात घातला.